बिनखणाची बाळंतपणं

घट बसायच्या आधी घराघरातलं अंथरूण-पांघरूण बाहेर निघे आणि बायका ते डोक्यावर घेऊन ओढ्याला जात. बोरीपासून दोन कोसांवरच्या त्या खेड्यात त्या दिवशी घरी चूल उशिरा पेटे आणि पुरुष मुकाट्यानं शिळी भाकरी खात. धुरपताबाईही गठुडं घेऊन जाई. तिच्या गठुड्यात एक वाकळ होती. ती दगडावर पसरली की आजूबाजूच्या बायका आपोआप आवाज खाली आणत.

गावातली निम्मी बाळंतपणं धुरपता करी. सासूनं हाताला धरून शिकवलेलं काम. त्याचे पैसे घ्यायचे नसत. बाळाच्या पाचवीला त्या घरून एक खण, एक नारळ आणि ओंजळभर ज्वारी येई. खणाची चोळी बेतायच्या आधी धुरपता त्यातली दोन बोटं रुंदीची पट्टी कापून घेई आणि ती वाकळेवर टाचे. एका वर्षाची एक ओळ. महिन्याच्या आत जे मूल जाई त्याच्या पट्टीवर ती आडवा काळा टाका घाली. अक्षर तिला येत नव्हतं, पण वीस वर्षांत कुणाच्या घरी, कुठल्या महिन्यात, पायाळू की सरळ, हे सगळं त्या वाकळेवर बोट ठेवून ती सांगू शके.

धुण्याच्या दिवशी ती सरलेल्या वर्षाची ओळ पहिल्यापासून हातानं चोळत जाई. हे भुजंगाचं, रांगायला लागलं. हे माळ्याच्या घरचं, थोडं मागं हाय पण हाय. हे गेलं. हे गेलं. मग ती थांबे आणि स्वतःला विचारी, माझी कसूर कुठं झाली? उत्तर मिळेपर्यंत वाकळ पिळायची नाही, असा तिचा नेम होता. जे उत्तर मिळे ते पुढच्या दसऱ्यापर्यंत पाळायचं.

एका वर्षी तिला वाटलं, आपण मटण खाऊन त्याच हातानं बाळ घेतलं. मटण सुटलं. पुढच्या वर्षी वाटलं, सटवाईला नुसतं घरून हात जोडतो, ते पुरत नसेल. मग प्रत्येक बाळंतपणानंतर ती अनवाणी शिवेवर जाऊन तिला हळद वाहू लागली. एका वर्षी बोलावणं आल्यापासून नाळ कापेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असं ठरवलं आणि अडलेल्या बाईला खुणा करून करून स्वतःच घामाघूम झाली.

तिचा नवरा आश्रुबा दर दसऱ्याला विचारी, "ह्या साली काय सोडलंस? मीठ का मी?"

"तुमाला सोडून कुणाचं भलं हुतंय का?" ती म्हणे.

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. इतके नेम झाले, एकही मोडला नाही, तरी दर ओळीत दोन-तीन काळे टाके पडतच होते. सातव्या नाही तर आठव्या दिवशी बाळ दूध ओढेनासं होई. जबडा घट्ट मिटे, अंग मागं वाकून धनुष्यासारखं ताठ होई. मग बायका पदर तोंडाशी नेत आणि म्हणत, सटवीनं नेलं. धुरपता घरी येऊन सुईत काळा दोरा ओवी.

त्रेपन्न सालच्या श्रावणात असा टाका तिच्या स्वतःच्या लेकीच्या मुलावर पडला. गोजरचं पहिलं बाळंतपण, माहेरी, आईच्या हातानं. गोरापान मुलगा. आठव्या दिवशी सकाळी गोजर म्हणाली, "माय, ह्यो तोंडच उघडंना." धुरपतानं करंगळी बाळाच्या ओठांत घालायचा प्रयत्न केला. करंगळी आत जाईना. त्या क्षणी तिला सगळं कळलं आणि तरी ती संध्याकाळपर्यंत बाळाचा जबडा तेलानं चोळत राहिली.

गोजर सासरी परत गेली ती मान खाली घालूनच. झरीला तिचं घर खाऊनपिऊन सुखी होतं, पण सासू, कडूबाई, तिखट होती. सुनेच्या कुशीतच बाधा आहे, आणखी एक गेलं तर आपल्या लेकाला, व्यंकटीला, दुसरी बायको बघावी लागेल, हे तिनं चारचौघांत बोलून ठेवलं होतं. व्यंकटी गरीब स्वभावाचा. आईपुढं त्याचं तोंड उघडत नसे.

त्या साली धुण्याच्या दिवशी धुरपतानं ठरवलं होतं, आता हे कामच सोडायचं. तिसऱ्याच आठवड्यात एकजण रडत दाराशी उभा राहिला, बायको दोन दिवस अडलीय म्हणून. ती उठून गेली.

पंचावन्न सालच्या दसऱ्याआधीच्या धुण्याला मात्र काहीतरी वेगळं घडलं. गडीमाणसं तेव्हा पारावर बसून हैदराबाद राज्य फुटल्यावर आपण कुणाच्या वाट्याला जाणार ह्याच्या गोष्टी रंगवत होती. बायकांना ओढ्याचं पाणी पुरतं की नाही ह्याची फिकीर. धुरपताच्या डोक्यात तर एकच गोष्ट होती. गोजरला पुन्हा दिवस गेले होते. माघात ती येणार होती.

वाकळ पसरली की पोरंसोरं आपापली पट्टी शोधायला येत. त्या दिवशीही आली. "माझी ही हिरवी!" "माझी ही!" कस्तुराबाईची छबू, सात वर्षांची, वाकळेच्या ओल्या काठावर उकिडवी बसून पुन्हा पुन्हा बघत होती.

"आजे, माझी कंची?"

"तुझी न्हाई ग बाय."

"का? मी तुझ्याच हातची हाय की."

पलीकडच्या दगडावरून कस्तुराबाई हसली. "तुझ्या टायमाला कशाचा खण गं? आपण सगळी ज्वारीत लपून बसल्यालो. पदर फाडून तुला गुंडाळलं, तवा कुठं तू झाकलीस."

बायका हसल्या. धुरपता हसली नाही. तिचा हात वाकळेवर तसाच राहिला.

अठ्ठेचाळीसचा तो पावसाळा. रझाकारांच्या भीतीनं गाव दहा-बारा दिवस माणसापेक्षा उंच वाढलेल्या ज्वारीत राहिलं होतं. त्या दिवसांत तीन बाया बाळंत झाल्या होत्या. तिन्ही धुरपताच्या हातानं. चिखल, पाऊस, वर आडोसा म्हणून एक घोंगडं. पाचवी नाही, हळद नाही, सटवीला बोलवायला कुणी नाही. खण कुठून येणार? खण नाही म्हणून पट्टी नाही, आणि पट्टी नाही म्हणून आठ धुण्यांत तिनं ती तीन बाळंतपणं एकदाही मोजली नव्हती.

आणि ती तिन्ही पोरं जगली होती. छबू समोर बसली होती. दुसरा ढोरांमागं गेला होता. तिसरी मामाच्या गावाला होती.

धुरपता विचार करू लागली. शेतात तिनं काय केलं नव्हतं? मटण खाल्लं नव्हतं, पण मटण तर नंतरही सोडलं होतं. सासूनं शिकवलेला मंत्र म्हटला नव्हता. विळा नव्हता, ज्वारीच्या धांड्याची धारदार सळ काढून नाळ कापली होती आणि लुगड्याचा दोरा बांधला होता. आणखी काय नव्हतं?

राख नव्हती.

सासूपासून चालत आलेलं ते गाडगं गोठ्याच्या कोपऱ्यात असे. गवरीची राख, तिच्यात चिमूटभर ताजं शेण कालवायचं आणि कापलेल्या नाळेवर लिंपायचं. गाईचं शेण, त्याहून पवित्र काय? प्रत्येक बाळाला तिनं ते लिंपलं होतं. पुष्कळ जगली होती. पण जी गेली ती सगळी लिंपलेली होती, आणि न लिंपलेलं एकही गेलं नव्हतं.

आणखी एक आठवलं ते त्याहून वाईट. वर्षामागं तालुक्याहून एक नर्सबाई आली होती. पांढऱ्या लुगड्यातली, चष्म्याची, पोरगीच. तिनं देवळासमोर बायका जमवून सांगितलं होतं, बेंबीला राख-शेण लावू नका, उकळून वाळवलेलं फडकं बांधा. सगळ्या खोखो हसल्या होत्या. "बाई, तुमाला किती लेकरं?" असं तिला विचारणारी धुरपताच होती.

"वयनी, पिळू लागू का?" कस्तुराबाईनं विचारलं.

"लाग," धुरपता म्हणाली. तिनं वाकळेचं एक टोक कस्तुराबाईच्या हातात दिलं.

त्या वर्षीचा नेम तिनं कुणाला सांगितला नाही. आश्रुबानं विचारलं तर "हाय कायतरी" म्हणाली. घरी जाऊन तिनं गोठ्यातलं गाडगं उचललं आणि उकिरड्यावर फोडलं. पुढचे चार महिने तिनं चार बाळंतपणं केली. विळा चुलीत लाल करून घेतला, दोरा उकळला, बेंबीवर उकळून वाळवलेल्या फडक्याची पट्टी बांधली. घरच्या म्हाताऱ्या विचारत, "राख?" ती म्हणे, "आत लावलीय, फडकं सोडू नका, सटवीचा बंद हाय." खोटं बोलायला तिला जड गेलं नाही. चारही पोरं आठवा दिवस ओलांडून जगली.

पौषात सुग्रीवच्या बायकोचं पोट दुखायला लागलं तेव्हा धुरपता बोरीच्या बाजाराला गेली होती. त्यांनी वरच्या आळीच्या दगडाबाईला बोलावलं. दगडाबाईही सुईणच, धुरपतापेक्षा दहा वर्षांनी मोठी आणि तिच्याच सासूच्या हाताखाली शिकलेली. तिचं गाडगं शाबूत होतं. सुग्रीवचा मुलगा आठव्या दिवशी गेला.

धुरपता भेटायला गेली. भिंतीकडं तोंड करून पडलेल्या त्या पोरीजवळ बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि सटवीनं नेलं असं बाकीच्या बायका म्हणाल्या तेव्हा गप्प बसली.

माघ शुद्धात गोजर बाळंत झाली. सकाळची वेळ, उन्हं ओसरीपर्यंत आलेली. मुलगी झाली. धुरपतानं तेच केलं जे चार वेळा केलं होतं. पण ह्या वेळी पट्टी बांधताना तिला तीनदा गाठ सोडावी लागली.

"माय, राख?" गोजरनं विचारलं.

"बांधलंय ते सोडू नकू."

मग दिवस मोजणं सुरू झालं. दर पाजण्याला धुरपता दाराशी येऊन उभी राही. ओढतीय का? ओढतीय. गोजर काही बोलत नसे, पण तीही मोजत होती. दुसरा. तिसरा. चौथ्या दिवशी आश्रुबा वैरण टाकून आला आणि हळूच म्हणाला, "बरं हाय ना?" धुरपता त्याच्यावर उगाचच खेकसली.

पाचवीला झरीहून बैलगाडी आली. कडूबाई उतरली. लालभडक लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात फडक्यात बांधलेली एक मडकुली.

"पोरगी झाली म्हणं," ती ओसरीवर बसत म्हणाली. "असू द्या. जगली म्हंजी मिळवली. पाणी द्या विहीणबाई, घसा कोरडा पडलाय. तुमच्या रस्त्यानं हाडं खिळखिळी झाली."

"रस्ता तुमच्याकडूनच येतोय की," धुरपता पाणी देत म्हणाली.

कडूबाई हसली. पाणी पिऊन तिनं मडकुलीचं फडकं सोडलं. आत राख होती, शेणात कालवलेली, वर हळदीचं बोट ओढलेलं.

"ही आमच्या कपिलेची. शिवेवरच्या सटवीपुढं रातभर ठिवली. राग मानू नका विहीणबाई, पण गेल्या खेपेला तुमी तुमच्या गोठ्यातली लावली. तुमच्या गोठ्यातच कायतरी बाधा असंल. आमच्या पुरोहितानं बी तेच सांगितलं. आणा लेकरू हिकडं, माझ्या हातानं लावते."

"बेंबी बांधलीय," धुरपता म्हणाली.

"मग सोडा."

"सोडायची न्हाई."

कडूबाईचं हसू गेलं. "म्हंजी? नात कुणाची हाय? आमच्या घरची का तुमच्या?"

"तुमच्याच. पण राख लावायची न्हाई."

"का म्हणून?"

इथं धुरपता चार घरी बोलली तेच बोलू शकली असती. आत लावलीय, सटवीचा बंद आहे. जिभेवर आलंही होतं. पण कडूबाई काही शेजारची भोळी म्हातारी नव्हती. ती बंदाला बधणार नाही, आज नाही तर उद्या, धुरपता विहिरीवर गेली की फडकं सोडून बघेल. कडूबाई तेवढ्यात उठलीही. दोन पावलांत ती बाजेजवळ पोचली आणि तिनं बाळाच्या अंगावरचं पांघरूण दूर केलं.

"थांबा," धुरपतानं तिचं मनगट धरलं.

विहिणीचं मनगट धरणं ही लहान गोष्ट नव्हती. कडूबाई बघतच राहिली. गोजर कोपरावर उठून बसली.

"गेल्या खेपेचा तो सटवीनं नेला न्हाई," धुरपता म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "मी मारला. राखेनं मारला. गोजरच्या कुशीत बाधा न्हाई, तुमच्या घरात न्हाई, माझ्या गोठ्यात बी न्हाई. त्या शेणात हाय. कुणाच्याबी गाईचं असू द्या. माझ्या हातानं लय गेली. हिला मी लावू द्यायची न्हाई, मग तुमी मला काय बी म्हणा."

बाहेर झरीचे बैल घुंगरं वाजवत होते.

"येड लागलं का हिला?" कडूबाई शेवटी म्हणाली, पण बोलताना ती धुरपताकडं नाही, गोजरकडं बघत होती. "गाईच्या शेणानं लेकरू मरतंय? ऐकतीस का गं, तुझी माय काय बोलायलीय?"

गोजरनं आईकडं बघितलं. मग तिनं बाळ उचललं, छातीशी धरलं आणि पाठ फिरवली. दोघींकडंही.

"आत्याबाई," ती भिंतीकडं बघत म्हणाली, "मडकं बाहेर ठिवा. माझ्या लेकराला कुणी हात लावायचा न्हाई. तुमी बी न्हाई, अन् हिनं बी न्हाई."

कडूबाई गाडी जुंपून त्याच पावली परत जाईल असं आश्रुबाला वाटलं. पण ती गेली नाही. ओसरीवर पथारी टाकून बसली. "बघते मी," म्हणाली. "आठवा दिवस बघूनच जाते. काय वंगाळ झालं तर पंचासमोर सांगते, विहिणीनं सटवीची राख नाकारली."

सहावा दिवस गेला. सातवा गेला. धुरपता स्वयंपाक करी, ताट वाढून बाजेखाली सरकवी, गोजर न बोलता जेवी. बाळ दूध ओढतंय की नाही, हे आता तिला दारातून दिसतही नव्हतं, कारण गोजर पाठ करूनच पाजी. ती फक्त कान देऊन चुटूचुटू आवाज ऐके. कडूबाई ओसरीवरून तेच ऐकत होती.

आठव्या दिवशी उजाडल्यावर आवाज आला नाही.

धुरपता चुलीपुढं बसली होती. तिनं वाट बघितली. लाकूड विझलं. आतून गोजरचा आवाज आला, "घे की गं, घे की." परत तेच. कडूबाई ओसरीवर ताठ बसली. धुरपता उठली खरी, पण उंबऱ्याशी तिचे पाय थांबले. हात लावायचा नाही, असं गोजरनं सांगितलं होतं.

"गोजर."

धुरपतानं दाराची चौकट धरली.

"करंगळी घाल तोंडात," धुरपता म्हणाली. "जाती का आत, तेवढं बघ."

आत बांगड्या वाजल्या. आणि मग एक मोठी, संतापलेली किंकाळी. तोंड पुरं उघडून, हिरड्या दाखवत, घर डोक्यावर घेणारी. पाठोपाठ शिंक. बाळाचं नाक चोंदलं होतं. कडूबाईनं रात्रीपासून बाजेखाली धूप ठेवला होता.

कडूबाईनं डोळ्याला पदर लावला आणि लगेच काढला. "सटवीनं ऐकलं बाई," ती म्हणाली. "मी नवसच बोलले होते."

दहाव्या दिवशी ती झरीला गेली. जाताना नातीच्या हातात चांदीचं कडं घालून गेली आणि गावात ज्याला त्याला नवसाची गोष्ट सांगत गेली. मडकुली तिनं परत नेली. धुरपतानं एक शब्द काढला नाही.

गाडी दिसेनाशी झाल्यावर गोजर पहिल्यांदा बोलली. ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, पाठ न फिरवता.

"तुला कवा कळलं?"

"धुण्याच्या दिवशी. दसऱ्याआधी."

"अन् आता माघ हाय."

"तवापासनं मी एकाला बी लावली न्हाई, गोजर. एकाला बी न्हाई."

"तू न्हाई लावलीस," गोजर म्हणाली. "सुग्रीवभाऊच्या लेकराला कुणी लावली?"

धुरपता खाली बसली.

"दगडामावशीला सांगितलंस का?"

"न्हाई."

"का?"

ह्याचं उत्तर धुरपताला ठाऊक होतं. सांगायचं म्हणजे गावाला कळणार. वीस वर्षांत ज्यांच्या घरी तिनं काळा टाका घातला त्या सगळ्यांना कळणार. विहिरीवर त्या बाया रोज भेटत. तिला वयनी म्हणत, आजी म्हणत, तिच्या घागरीला हात लावत. आपल्या हाताचा नेम तिनं केला होता. तोंडाचा केला नव्हता.

"माझ्या पोरीसाठी तू आत्याबाईंचं मनगट धरलंस," गोजर म्हणाली. "माझी होती म्हणून."

धुरपतानं तोंडावर पाणी मारलं, पदर नीट केला आणि बाहेर पडली. दुपार टळली नव्हती. वरच्या आळीकडं जाताना विहीर लागे. तिथं चार-पाच जणी होत्या. सुग्रीवची बायकोही होती, घागर घासत. "नात कशी हाय?" कुणीतरी विचारलं. "बरी हाय," ती म्हणाली आणि न थांबता पुढं गेली. मग वीसेक पावलांवर थांबली. परत फिरली.

दगडाबाईकडं नंतरही जाता आलं असतं.

सुग्रीवच्या बायकोनं मान वर केली. "काय, वयनी? काय इसरलं का?"

"घागर ठिव जरा खाली," धुरपता म्हणाली. "तुमी बी थांबा गं सगळ्या. मला सांगायचंय."

बायकांना वाटलं, बारशाचं आमंत्रण असेल. एकजण हसत म्हणाली, "बोला की, गूळ आणलाय का?"

धुरपतानं विहिरीच्या काठाला हात टेकला आणि सुग्रीवच्या बायकोच्या तोंडाकडं बघत बोलायला सुरुवात केली.